टेबलावरचे मृदू क्ष-किरण

इंदूरकर प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या (सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) आवाराला आजही 'कॅट'च म्हणतात. सुखनिवास तलावाजवळ 1984 मध्ये पायाभरणी झाली, 2005 मध्ये अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव लागलं, पण रस्ता मात्र कॅट रोडच राहिला. पहिले संचालक दिलीप भवाळकर मुळात लेझरवाले. त्यामुळे इथे इलेक्ट्रॉन फिरवणारी कडी आणि लेझर, हे दोन संसार पहिल्यापासून शेजारी नांदले.

मृदू क्ष-किरणांचा लोभ दोघांनाही. 284 इलेक्ट्रॉन व्होल्ट ओलांडले की कार्बन हे किरण एकदम जास्त गिळू लागतो. ऑक्सिजनची तीच पायरी 543 च्या आसपास. पायरीलगतच्या बारीक चढउतारांवरून तो अणू कुणाशी कसा बांधलेला आहे, हे कळतं. बॅटरीचा कॅथोड तपासणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. अडचण एवढीच, की हे किरण थोड्याशा हवेतच जिरतात. सगळा मार्ग निर्वात ठेवावा लागतो आणि आरपार पाहायचं तर नमुना अतिशय पातळ लागतो.

इथली इलेक्ट्रॉनची कडी, इंडस-2, 172.5 मीटर परिघाची. मृदू क्ष-किरण शोषणासाठी तिथे स्वतंत्र बीमलाइन आहे. प्रकाश मुबलक, पण अशा कडीतला झोत अनेक पिकोसेकंद लांब असतो. इलेक्ट्रॉनची उडी त्याहून कितीतरी लहान अशा फेम्टोसेकंदांत उरकते. ती या झोताला पुसटच दिसणार.

इथे लेझरची पाळी येते. तीव्र झोत अणूतला इलेक्ट्रॉन ओढून काढतो, परत आपटतो, आणि त्या आपटण्यातून मूळ प्रकाशाच्या कितीतरी पट ऊर्जेचे हार्मोनिक निघतात. भौतिकशास्त्रज्ञ आन लुइलिए यांनी सहकाऱ्यांसह 1987 मध्ये फ्रान्सात ते वायूत पाहिले. 2023 च्या नोबेलमागे हेच काम. इंदूरला ताश्कंदचे रशीद गनेयेव आणि पुढे केंद्राचे संचालक झालेले प्रसाद नाईक यांच्या गटाने वायूऐवजी धातूची वाफ घेतली: एका झोताने धातू उडवायचा, दुसरा त्या धुराळ्यातून सोडायचा. मला ही युक्ती फार आवडते.

पण तिथून कार्बनची पायरी लांबच. 800 नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा जेमतेम 1.55 इलेक्ट्रॉन व्होल्ट; म्हणजे 183 हून अधिक फोटॉन एकत्र यायला हवेत. लेझरची तरंगलांबी वाढवली की पल्ला तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पण हाती येणारा प्रकाश त्याहून वेगाने आटतो.

लेझरच्या या मांडणीला 'टेबलावरची' म्हणतात, पण त्या शब्दावरही जाऊ नये. प्रवर्धक, निर्वात पंप, वर्णपटमापक मांडता मांडता खोली भरते. तरी खोली भाड्यानेही मिळेल, कडी नाही. नमुना स्थिर असेल तर मी इंडसकडेच जाईन. प्रकाश पडल्यानंतरच्या पहिल्या काही फेम्टोसेकंदांत त्यात काय हललं, हे विचारायचं असेल तर लेझरकडे.