बंदुकीचा परवाना: वर्ध्यातल्या शेतकऱ्यांसाठी थोडक्यात

सेलू, कारंज्याकडे बोर प्रकल्पालगत शेती असली की रानडुकरं आणि रोह्यांपायी रात्रीची जागल सुटत नाही. म्हणून परवान्याबद्दल नेहमी विचारणा होते.

🔹 राज्यागणिक कायदा वेगळा नाही. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 देशभर लागू आहेत. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाजाला परवान्यातून सूट आहे, ती आपल्याला नाही.

🔹 अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. वय किमान 21. पोलीस चौकशी होतेच.

🔹 पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी वाटली, तर तेवढ्याचाच परवाना मिळू शकतो.

🔹 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, परवान्याची मुदत 5 वर्षं.

🔹 परवान्यावरचा 'क्षेत्र' हा रकाना नीट वाचा. तिथे फक्त महाराष्ट्र असेल, तर बंदूक घेऊन मध्य प्रदेश किंवा तेलंगणात जाता येत नाही.

🔹 परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे! रानडुक्कर मारायलाही वनविभागाची वेगळी परवानगी लागते.

🔹 लग्नात हवेत बेदरकार गोळीबार केला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आपल्या गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा.