आधी पुठ्ठ्याचा वाडा, मग लाकडाचा

यात्रा जवळ आली की गावात नाटकाच्या तालमी सुरू होतात. वर्गणी जमते, मांडव ठरतो आणि सेटचं काम मात्र शेवटच्या चार दिवसांवर येतं. एका गावात आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. नाटकात वाड्याची माडी हवी होती. सुतारानं फळ्या ठोकून भक्कम माडी उभी केली. पण खेळाच्या रात्री जिना असा आडवा आला, की डाव्या अंगाला बसलेल्या बायाबापड्यांना अर्धं नाटक दिसलंच नाही. वर्गणीचे पैसे पाण्यात गेले.

चूक सुताराची नव्हती. काय हवंय ते त्याला कुणी नीट दाखवलंच नव्हतं. नेपथ्यकार त्यासाठी आधी लहान मॉडेल करतात.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा मागच्या पडद्यावर काम भागत होतं. पुढे रंगवलेले पडदे आले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं आणि दारं-खिडक्या असलेल्या घराचा सेट मराठी प्रेक्षकांसमोर उभा राहिला. पडदा चुकला तर गुंडाळता येतो. भिंत चुकली तर पाडावी लागते. म्हणून मॉडेल.

तलाठ्याकडचा गावनकाशा सगळ्यांनी पाहिलाय. कागदावर शेत लहान, पण माप खरं. इथंही तेच. अर्धा इंच म्हणजे एक फूट धरा. रंगमंच तीस फूट रुंद नि वीस फूट खोल असेल, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडा मोठा, तर मॉडेल होईल पंधरा इंच बाय दहा इंच. सात फुटी दार साडेतीन इंचांचं. साडेपाच फुटी माणूस पावणेतीन इंचांचा. हा पुठ्ठ्याचा माणूस विसरू नका. तो उभा केल्याशिवाय दार ठेंगणं की उंच, कळत नाही.

सामान घरचंच. जुन्या लग्नपत्रिका, वहीचे पुठ्ठे, खांबांना बांबूच्या कामट्या, चिकटवायला खळ. आठ बाय चारच्या प्लायवूडसाठी चार बाय दोन इंचांचे तुकडे कापा. भिंतींना जितके तुकडे लागतील, तितक्या शीट. दुकानात जाण्याआधीच हिशेब हातात.

मग खरी परीक्षा. आपले प्रेक्षक जमिनीवर बसतात आणि रंगमंच उंच असतो. तेव्हा डोळा मॉडेलच्या तळाच्या जरा खाली नेऊन बघा. मागं जमिनीवर पडलेला नट दिसत नाही, हे लगेच उमगेल. कडेच्या प्रेक्षकाच्या जागेवरून दोरा ताणा. दोरा जिथं भिंतीला अडेल, तिथून पलीकडचं त्याला दिसणार नाही. बॅटरी धरली की सावली कुठं पडते तेही कळतं.

कधी कधी मॉडेल सांगतं, की सेटची गरजच नाही. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांच्या रांगेनंच पडद्याचं काम केलं.

शाळेतल्या पोरांना प्रमाण शिकवायला याहून सोपा धडा नाही. मास्तरांनी हे काम त्यांच्याकडं द्यावं. तालमीच्या पहिल्याच आठवड्यात मॉडेल मधोमध ठेवा, सुताराला नि नटांना सोबत बसवा. पुठ्ठा चुकला तर कात्री आहे. लाकूड एकदा कापलं की कापलं.