नळी लांब, गोळी जड?

बंगळुरूच्या जे. पी. नगरपासून बन्नेरघट्ट्याचे जंगल फार दूर नाही. अशा जंगलांत एकेकाळी शिकारी रायफली घेऊन फिरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना आळा घातला. पॉइंट टू-टू रायफल मात्र नेमबाजीच्या खेळात टिकून आहे आणि शिकाऱ्यांचा जुना प्रश्नही: नळी किती लांब, गोळी किती जड?

नळी लांब तर मारा जोरदार, असा अनेकांचा समज. पण या काडतुसात दारू चिमूटभरच! साधारण सोळा-अठरा इंचांत तिचा जोर सरतो. पुढे घर्षणाने वेग उलट घटू लागतो. लांब नळीचा फायदा निराळा. तिच्या वजनाने रायफल हलत नाही.

गोळी बहुधा ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. हलकी गोळी वेगाने सुटते. पण ध्वनीच्या वेगाखाली येताना डगमगते. म्हणून स्पर्धेत मंद गोळी बरी. कोणत्या नळीला कोणती काडतुसे मानवतात, हेही झाडून पाहूनच ठरते.

कारण ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे! कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक याच अंतरावर मिळवले. इथे जोरापेक्षा जोडी जुळणे महत्त्वाचे.