पडणे-पाडणे आणि इंग्रजी क्रियापदे

‘तापमान वाढते’ हे इंग्रजीत सांगताना ‘राइझ’ लिहावे की ‘रेझ’, याचा गोंधळ पुष्कळ विद्यार्थ्यांचा होतो. त्याचे उत्तर त्यांच्याच भाषेत आहे.

कबनूर-इचलकरंजीच्या मुलांना यंत्रमाग ओळखीचा. माग चालतो, कामगार तो चालवतो. सूत तुटते, आपण ते तोडतो. आपोआप घडणारी आणि कोणीतरी घडवलेली क्रिया मराठी वेगळी दाखवते. इंग्रजीत दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द चालतो: ‘रन’, ‘ब्रेक’. म्हणून जिथे जोडी टिकून आहे, तिथे विद्यार्थी अडखळतो. राइझ म्हणजे वाढणे, रेझ म्हणजे वाढवणे. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड पाडणे. (नापासाचा ‘फेल’ वेगळा.)

जर्मन मुलाला ‘फालेन-फेलेन’ ही जोडी घरचीच. आपल्यालाही ती परकी नाही. संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो, ‘पातयति’ म्हणजे पाडतो. यातला ‘अय’ आणि जुन्या जर्मानिक भाषांतला ‘यन’ हे प्रत्यय एकाच मुळातून आले. त्या ‘यन’मधील ‘य’च्या प्रभावानेच आधीचा स्वर बदलून ‘फेल’ झाले.

मात्र ‘फेल’ हे ‘फॉल’चे भूतकाळी रूपही आहे. अशा वेळी वाक्यात कर्म आहे का, ते पाहावे.

तेव्हा ही चूक निष्काळजीपणाची समजू नये. आधी गळणे-गाळणे, मरणे-मारणे अशा जोड्या मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्याव्यात. राइझ-रेझ त्यानंतर शिकवावे.