खोकला घशात, मूळ नाकात

डहाणू-तलासरीत भाताची झोडणी सुरू झाली की पेंढ्याची धूळ उडते. पावसाळ्यानंतर दमट घरांच्या भिंतींना बुरशी धरलेली असते, गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म कीटक असतात. यांची ॲलर्जी असलेल्याला सकाळी उठल्याबरोबर सटासट शिंका येतात, नाक गळते आणि रात्री आडवे झाले की खोकला सुरू होतो. औषधाच्या बाटल्या संपतात, खोकला हटत नाही.

कारण बिघाड नाकात असतो. सुजलेल्या नाकातला स्राव घशात उतरून खोकला उठवणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतो. हे तंतू हळवे झाले की मग चुलीचा थोडासा धूरही पुरतो.

अशा वेळी डॉक्टर स्टिरॉइडचा नाकातला फवारा देतात. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन सूजच उतरवते. मात्र पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून फवारा रोज घ्यायचा. त्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवे. नाहीतर रक्त येऊ शकते.

सोबत दमाही असेल, तर बुडेसोनाइडसारखे स्टिरॉइड श्वासावाटे घेतात. त्याने श्वासनलिकांची सूज कमी होते. पण औषध घशाला लागून उलट खोकला येऊ शकतो, आवाज बसू शकतो, तोंडात बुरशीही होऊ शकते. म्हणून तोंडाने घ्यायच्या या फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पोकळ नळी) जोडावा आणि दर वेळी खळखळून चूळ भरावी.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तो क्षयरोगाचा असू शकतो आणि क्षयरोगावर हा पंप चालत नाही.