कोळंबी आधी, नूडल्स नंतर: रात्रीच्या जेवणातल्या प्रोटीनचं गणित

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमलं नाही, किंवा ज्यांना गॅससमोर उभं राहून मोजमाप बघायचंय, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून देतोय. विषय एकच: कोळंबीच्या नूडल्स घरी करायच्या, आणि त्यातून खरंच प्रोटीन मिळेल अशा करायच्या.

आधी आकडे. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आकड्यांशिवाय मला चैन पडत नाही. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. जिम करत असाल तर त्याहून जास्त.

आता आपला फ्लॅटवरचा दिवस आठवा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कॅन्टीनची थाळी, आणि रात्री साडेनऊला कॉल संपला की इन्स्टंट नूडल्स. त्या ७० ग्रॅमच्या पाकिटात प्रोटीन असतं ६-७ ग्रॅम. पोट भरतं, पण हिशोब काही जुळत नाही. बाहेरून प्रॉन्स नूडल्स मागवल्या तरी बऱ्याचदा नूडल्सच्या डोंगरात पाच-सहा कोळंब्या शोधाव्या लागतात.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे: प्रमाण उलटं करा. कोळंबी मुख्य, नूडल्स सोबतीला.

दोघांसाठी एवढं घ्या: सोललेली कोळंबी ३०० ग्रॅम, २ अंडी, सुक्या हक्का नूडल्स १२० ग्रॅम. कच्च्या कोळंबीत १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे ६०. दोन अंड्यांचे १२. नूडल्सचे १२-१३. एकूण ८५ च्या आसपास, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४० च्या वर. दिवसाच्या गरजेचा मोठा भाग एका ताटात आला!

बाजारात एक गोष्ट लक्षात ठेवा. डोकं आणि कवच गेल्यावर वजन जवळपास निम्मं होतं. ३०० ग्रॅम हवी तर ६०० ग्रॅमच्या आसपास घ्या. वास समुद्राचा यावा. अमोनियासारखा उग्र वास आला तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. कवचं फेकू नका, ती लागणार आहेत. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रोझन घ्या. पण पाकिटावर बर्फ सोडून निव्वळ वजन किती ते वाचा, आणि ती ओट्यावर न ठेवता रात्रभर फ्रीजमध्येच वितळू द्या.

कोळंबी रबरासारखी का होते?

मटण जितकं शिजवाल तितकं मऊ होतं, कारण त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. कोळंबीत ते फारच कमी. तिचे स्नायू तापले की आकसतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून काढतात. म्हणजे जास्त वेळ शिजवून ती मऊ होत नाही, चिवट होते. मध्यम आकाराच्या कोळंबीला एकूण दोन-तीन मिनिटं पुरतात.

घड्याळ नको असेल तर दोन खुणा बघा. पहिली, रंग. कच्च्या कोळंबीतलं अ‍ॅस्टाझँथिन नावाचं केशरी रंगद्रव्य प्रोटीनला चिकटून असतं, म्हणून ती करडी दिसते. उष्णतेने ते प्रोटीन उलगडतं, रंगद्रव्य सुटं होतं आणि कोळंबी गुलाबी-केशरी होते. दुसरी, आकार. हलकी वळली, इंग्रजी सी अक्षरासारखी झाली की काढा. गोल वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली. आतला भाग अर्धपारदर्शक राहता कामा नये, पांढरा दिसायला हवा.

आता कृती, क्रमाने

१. चमचाभर तेलात कवचं आणि डोकी दोन-तीन मिनिटं परता, दोन कप पाणी घालून १५ मिनिटं उकळा, गाळून घ्या. मसाल्याच्या कुठल्याही पुडीपेक्षा जास्त चव या पाण्यात असते.

२. त्याच १५ मिनिटांत दुसऱ्या शेगडीवर नूडल्स शिजवा, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी. थंड पाण्याखाली धुवा, निथळा, थोडं तेल चोळा. भाज्याही आत्ताच चिरा: कोबी, गाजर, ढोबळी मिरची, पातीचा कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची. पुढचं सगळं भराभर होतं, तेव्हा चिरायला वेळ मिळणार नाही.

३. कोळंबी कोरडी पुसा. मिरपूड, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर लावा. कढई कडकडीत तापवून दोन हप्त्यांत परता, प्रत्येक बाजूला एक मिनिट, आणि काढून ठेवा. सगळी एकदम टाकली तर घरच्या गॅसवर कढई थंड पडते, पाणी सुटतं, आणि परतायच्या ऐवजी ती उकडली जाते.

४. त्याच कढईत अंडी फोडून भुर्जीसारखी ढवळा, बाजूला काढा. मग आलं, लसूण, मिरची आणि भाज्या मोठ्या आचेवर दोन मिनिटं.

५. एक मोठा चमचा सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, अर्धा कप कवचांचं पाणी. नूडल्स, अंडी आणि शेवटी कोळंबी. मिनिटभर टॉस करा, वरून कांद्याची पात. झालं!

सोया सॉस मोजूनच घाला. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. म्हणून वरून मीठ चाखल्याशिवाय नको.

महिनाअखेर आली असेल तर?

कोळंबी निम्मी करा. १५० ग्रॅम कमी केली की ३० ग्रॅम प्रोटीन गेलं. ६० ग्रॅम सुके सोया चंक्स तेवढंच परत देतात. ते गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि थोड्या कवचांच्या पाण्यात मुरवा, चव बरीच जवळ येते. माकुल मिळालं तर तेही चालेल, पण पातळ रिंगा कापून दीड-दोन मिनिटंच.

आणि शेवटचं, हे खरंच महत्त्वाचं. कुणाला जेवायला बोलावलं असेल तर आधी विचारा, "कोळंबी चालते ना?" हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. कोळंबीच्या अ‍ॅलर्जीमागे मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही. अशा माणसाला कोळंबी वेचून काढलेल्या नूडल्सही देऊ नका. वेगळी कढई, वेगळा उलथना. आणि खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकायला लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

बाकी सगळं मिळून ४० मिनिटांचं काम आहे, त्यातला बराच वेळ सोलण्यात जातो. रूममेटला सोलायला बसवा, जेवायला तोही आहेच ना!

भेटू पुढच्या भागात. तोवर नीट जेवा.