स्मृतिदिन आणि स्थानिक इतिहास : मँचेस्टरच्या ‘पीटरलू’चे एक अवलोकन

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या लेखनात स्मृतिदिनांना विशेष स्थान आहे. शताब्दी, सार्धशताब्दी किंवा द्विशताब्दी आली की जुनी कागदपत्रे बाहेर येतात, फलक बसविले जातात, व्याख्याने होतात. मात्र कोणती घटना स्मरणात ठेवावयाची आणि ती कोणत्या शब्दांत सांगावयाची, हे केवळ दिनदर्शिका ठरवीत नाही. ते त्या त्या काळातील समाज आणि सत्ता ठरवीत असतात. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या इतिहासातील ‘पीटरलू’ या घटनेच्या आधारे ही बाब स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घटनेची पार्श्वभूमी व स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मँचेस्टर हे कापड उद्योगाचे मोठे केंद्र झाले होते. तरीही ब्रिटिश संसदेत त्याला स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. १८१५ च्या धान्यविषयक कायद्याने परदेशी धान्याच्या आयातीवर बंधने घातली, त्यामुळे भाकरी महाग राहिली. मजुरी घटत होती. या परिस्थितीत संसदीय सुधारणांची मागणी जोर धरू लागली.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या मैदानावर सभा भरली. मिडलटन, ओल्डहॅम, रॉचडेल, स्टॉकपोर्ट अशा गावांतून मिरवणुकीने आलेले सुमारे ६०,००० स्त्री-पुरुष व मुले तेथे जमली होती. हेन्री हंट हे प्रमुख वक्ते होते. मँचेस्टरच्या स्त्री सुधारणा संघटनेच्या अध्यक्षा मेरी फिल्ड्स याही उपस्थित होत्या. दंडाधिकाऱ्यांनी हंट यांना अटक करण्याचा आदेश दिला. तो बजावण्यासाठी मँचेस्टर व सॅलफर्डचे ‘येओमन्री’ नावाचे स्वयंसेवी घोडदळ तलवारी उपसून गर्दीत शिरले आणि त्यापाठोपाठ १५ व्या हुसार्स या नियमित घोडदळाला जमाव पांगविण्याचा हुकूम मिळाला. किमान १५ जणांचा मृत्यू झाला आणि सहाशेहून अधिक लोक जखमी झाले. मृतांमध्ये स्त्रिया होत्या, तसेच दोन वर्षांचे एक मूलही होते.

चार वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या विजयाचा उपहासाने संदर्भ घेऊन ‘मँचेस्टर ऑब्झर्व्हर’ या स्थानिक वृत्तपत्राने या घटनेस ‘पीटरलू’ हे नाव दिले. हुसार्सनी वॉटर्लूच्या लढाईत भाग घेतला होता. ओल्डहॅमचा जॉन लीस हाही वॉटर्लूचा माजी सैनिक होता. पीटरलूच्या मैदानावर झालेल्या जखमांमुळे पुढे त्याचा मृत्यू झाला.

शासनाने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले. वर्षअखेरीस सभास्वातंत्र्य व मुद्रणस्वातंत्र्य संकुचित करणारे सहा कायदे संमत झाले. हंट यांना १८२० मध्ये अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. मँचेस्टरला संसदेत दोन जागा मिळाल्या त्या १८३२ च्या सुधारणा कायद्याने. अर्थात सभेस आलेल्या बहुसंख्य श्रमिकांना त्या वेळीही मताधिकार मिळाला नाही.

विस्मरणाची प्रक्रिया

घटनेनंतरच्या शतकात शहराने तिचे स्मरण कसे ठेवले, हे पाहणे उद्बोधक आहे. १८४२ मध्ये चार्टिस्टांनी ॲन्कोट्स या कामगारवस्तीत हंट यांचे स्मारक उभारले. ते १८८८ मध्ये पाडण्यात आले. मूळ मैदानाच्या जागेवर १८५६ मध्ये ‘फ्री ट्रेड हॉल’ ही भव्य दगडी वास्तू पूर्ण झाली. तिचे नाव १८४६ मध्ये धान्यविषयक कायदे रद्द करवून घेणाऱ्या खुल्या व्यापाराच्या चळवळीचे स्मरण देते, त्या भूमीवर मेलेल्यांचे नव्हे.

१८७७ मध्ये नवीन नगरभवन खुले झाले. त्याच्या भव्य दालनात फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकाराने १८७९ ते १८९३ या काळात शहराच्या इतिहासावर १२ भित्तिचित्रे काढली. त्यांत रोमन किल्ल्याची उभारणी, फ्लेमिश विणकरांचे आगमन, रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांचे संशोधन असे विषय आहेत. पीटरलू मात्र त्या बारांमध्ये नाही. उद्योग, व्यापार आणि विज्ञान यांचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने आपल्याच नागरिकांवर चाललेली तलवार चित्रातून वगळली, असे म्हणावे लागते.

फलकाची भाषा

१९७२ मध्ये फ्री ट्रेड हॉलच्या भिंतीवर निळा फलक बसविण्यात आला. हंट यांनी सुमारे ६०,००० लोकांच्या सभेपुढे भाषण केले आणि लष्कराने नंतर केलेली जमावाची पांगापांग ‘पीटरलू’ म्हणून ओळखली जाते, असा त्याचा आशय होता. मृत्यू आणि जखमी यांचा त्यात उल्लेखही नव्हता. नागरिकांच्या पाठपुराव्यानंतर २००७ मध्ये त्याच्या जागी लाल फलक आला. शांततापूर्ण सभेवर सशस्त्र घोडदळाने हल्ला केला, १५ जण मृत्युमुखी पडले आणि सहाशेहून अधिक जखमी झाले, असे त्यावर नमूद आहे.

दोन्ही फलक एकाच दिवसाविषयी बोलतात. फरक क्रियापदात आणि संख्येत आहे. ‘पांगापांग’ या शब्दात कारवाई दिसते, पण रक्त दिसत नाही. ‘हल्ला’ या शब्दात करणारा आणि सोसणारा असे दोघेही उभे राहतात. मराठीतही ‘जमाव पांगविण्यात आला’ अशा कर्मणी रचनेत कर्ता सहज लपतो, याची अध्यापकांस वेगळी जाणीव करून देण्याची गरज नाही.

द्विशताब्दी आणि नवा प्रश्न

ऑगस्ट २०१९ मध्ये, द्विशताब्दीच्या निमित्ताने, कलावंत जेरेमी डेलर यांनी रचलेले स्मारक खुले झाले. एकावर एक चढत जाणाऱ्या वर्तुळाकार दगडी पायऱ्यांवर मृतांची आणि लोक ज्या गावांतून आले त्या गावांची नावे कोरली आहेत. कोणीही वर चढून बोलावे, अशी त्यामागील कल्पना होती. परंतु चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती या पायऱ्या चढू शकत नाही, असा आक्षेप अपंग हक्क कार्यकर्त्यांनी घेतला. समान प्रतिनिधित्व मागणाऱ्यांच्या स्मारकावर काहींना प्रवेश नसावा, ही विसंगती त्यांनी नेमकी दाखवून दिली. प्रतिनिधित्वापासून कोण वंचित राहतो, हा १८१९ चा प्रश्न अशा रीतीने स्मारकाच्या निमित्ताने पुन्हा विचारला गेला.

समारोप

पीटरलूच्या स्मरणाचा हा प्रवास पाहता असे दिसते, की स्मृतिदिन आपोआप येत नाही, तो कोणीतरी आणावा लागतो. पाडलेले स्मारक, वगळलेले चित्र आणि बदललेला फलक हीसुद्धा इतिहासाची साधने होत. मूळ घटनेच्या साधनांइतक्याच काटेकोरपणे त्यांचे वाचन झाले पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहास शिकविताना फलकावरील तारखेबरोबरच तीन प्रश्न विचारावयास लावणे उपयुक्त ठरेल : हा फलक केव्हा व कोणी लावला, त्यातील क्रियेचा कर्ता कोण, आणि कोणाची नावे त्यावर नाहीत. मँचेस्टरमधील मृतांना आपली नावे दगडावर येण्यासाठी दोनशे वर्षे वाट पाहावी लागली. अन्य ठिकाणी अशी प्रतीक्षा आजही कोणाच्या वाट्यास आली आहे, हे शोधणे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.